आधी पडदा, मग गाडी

सारंगखेड्याची यात्रा घोड्यांसाठी नावाजलेली. शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या देवळाभोवती दत्तजयंतीला ती भरते आणि लांबलांबचे व्यापारी आपली जनावरं घेऊन तिथे उतरतात. मला मात्र यात्रा म्हटलं की आधी एक जुना ट्रक आठवतो. कनातीच्या एका टोकाला पाठ करून लावलेला, मागच्या हौद्यात लाकडी खोली केलेला, आणि त्या खोलीला दोन चौकोनी भोकं. एकातून उजेडाचा झोत निघायचा, दुसऱ्यातून ऑपरेटर पडद्यावर नजर ठेवायचा. महाराष्ट्रात तंबूतला सिनेमा अशाच ट्रकांवर बसून एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरला. ट्रक हीच प्रोजेक्टरची खोली. मशीन उतरवायचं नाही, चढवायचं नाही, हौद्याच्या फळ्यांना बोल्टने आवळून टाकलेलं.

खेळ रात्री सुरू व्हायचा, पण मी दुपारपासून तिथे घुटमळत असे, कारण मला तंबू उभा राहताना बघायचा असे. क्रम दरवर्षी तोच. आधी बायका आणि पुरुष कुठून कुठवर बसणार ती जागा पावलांनी मोजायची. मग त्या जागेच्या हिशोबाने समोर दोन खांब रोवून पडदा ताणायचा, दोऱ्या आवळून, एकही सुरकुती राहू न देता. ट्रक सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर हात-हात मागे घेणार आणि ऑपरेटर पडद्यापाशी उभा राहून ओरडणार. गाडी आधी लावली तर पडदा बांधायचं काम सोपं नाही का होणार, असं मी एकदा विचारलं होतं. ऑपरेटर म्हणाला, "पोरा, गाडी सरकते. पब्लिक सरकत नाही."

घरात प्रोजेक्टर लावायचा म्हणून आज जे जे माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी गाडी आधी लावलेली असते. मशीन विकत घेऊन झालेलं असतं, छताला भोकं पाडून झालेली असतात आणि मग प्रश्न येतो, की चित्र भिंतीबाहेर का जातंय, किंवा तिरकं का दिसतंय. मशीन चांगलंच असतं. चुकलेला असतो तो क्रम. म्हणून या प्रकरणात आपण ऑपरेटरच्याच क्रमाने जाऊ: माणसं, पडदा, मशीन.

पण त्याआधी उजेडाचा एक साधा स्वभाव समजून घ्यायला हवा. भिंगातून निघालेला झोत पुढे जाताना फाकत जातो. अंतर दुप्पट केलं की चित्राची रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. उजेड मात्र तेवढाच, तो चौपट जागेवर पसरायचा, म्हणून प्रत्येक चौरस फुटाच्या वाट्याला चौथा हिस्सा. या एका गोष्टीतून पुढचं जवळजवळ सगळं निघतं.

किती अंतरावर किती रुंदी, हे भिंग ठरवतं. भिंगापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की जो आकडा येतो त्याला थ्रो रेशो म्हणतात. आपण त्याला फेक म्हणू. फेक १.५ असेल तर एक फूट रुंद चित्रासाठी मशीन दीड फूट मागे हवं, आणि सात फूट रुंद चित्रासाठी साडेदहा फूट. जत्रेतल्या ट्रकची फेक याच हिशोबाची, फक्त आकडे मोठे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचं चित्र साधारण २१ मिलिमीटर रुंद असतं. त्यापुढे १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग लावलं, की फेक झाली १०० भागिले २१, म्हणजे पावणेपाचच्या आसपास. शंभर फुटांवरून ते भिंग एकवीस फूट रुंद चित्र देतं. तंबू आखूड पडला तर ट्रक पुढे घेऊन चित्र लहान होणार, मग मोठं चित्र हवं असेल तर कमी नाभीय अंतराचं भिंग चढवायचं. घरच्या मशीनला भिंग बदलता येत नाही. त्याऐवजी बऱ्याच मशीनना झूमची चकती असते, ती थोडी मोकळीक देते. किती मोकळीक, ते पुढे येईलच.

भिंग चित्र उलटंही करतं, म्हणून फिल्म मशीनमध्ये डोकं खाली करूनच चढवावी लागते. ही गोष्ट आपल्याकडे सिनेमाच्याही आधीपासून ठाऊक होती. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. त्याच्या चार वर्षं आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी शांबरिक खरोलिका लोकांसमोर आणली होती. खरोलिका म्हणजे कंदील, आणि शांबरिक हे विशेषण मायावी शंबरासुरावरून आलेलं: मायेचा दिवा. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्याने हाताने रंगवलेली चित्रं दिव्यासमोरून सरकवायची आणि भिंगातून पडद्यावर टाकायची. एकाहून जास्त कंदील एकाच पडद्यावर रोखून एक चित्र विरत असताना दुसरं उमटवण्याची करामत त्यात होती. एकापेक्षा जास्त झोत एकाच चौकटीत अचूक बसवणं काय असतं, हे ज्याने एकदा तरी प्रोजेक्टर टांगला आहे त्याला विचारावं. कंदील बोटभर हलला की पडद्यावर चित्र हातभर सरकतं. मला पटवर्धनांबद्दल फार आदर वाटतो, आणि त्यांच्या रंगकामाइतकाच त्यांच्या मोजमापाबद्दल.

आता घरात येऊ. घर शहाद्यातलं, एका शिक्षकांचं. पुढची खोली बारा फूट रुंद, अठरा फूट लांब, स्लॅब दहा फुटांवर. बारा फुटांची भिंत पडद्यासाठी मोकळी. सोफा मागच्या भिंतीला टेकवता येत नाही, कारण मागे स्वयंपाकघराचं दार आहे आणि येण्याजाण्याला वाट हवी. मी पोहोचलो तेव्हा मशीन खोक्यातच होतं, हे नशीब.

सरांना मी सांगितलं, आधी सगळ्यांना बसवा, नेहमी बसता तसं. सर आणि त्यांच्या पत्नी सोफ्यावर बसले. सरांच्या आई खाली गादीवर, भिंतीला पाठ लावून. नातवंडं त्यांच्यापुढे सतरंजीवर. आपल्याकडे प्रोजेक्टरची जी माहितीपत्रकं येतात त्यांत सगळे खुर्चीवर बसलेले असतात. आपल्या घरांत अर्धी माणसं जमिनीवर बसतात आणि ती मोजमापात धरलीच जात नाहीत. मी पट्टी लावून डोळ्यांची उंची घेतली. सोफ्यावर ४२ इंच, गादीवर ३०. सोफ्यावरच्या डोळ्यांपासून भिंत ११ फूट, म्हणजे १३२ इंच.

या एका आकड्यावरून पडदा ठरतो. चित्राने नजरेचा किती भाग व्यापावा याचे दोन टोकांचे निकष चित्रपटगृहांच्या जगात रूढ आहेत: निदान ३० अंश, आणि ज्यांना चित्रात बुडून जायचं आहे त्यांच्यासाठी ४०. नेहमीच्या १६ : ९ आकाराच्या चित्रासाठी त्याचा सोपा अर्थ असा, की बसण्याच्या अंतराला १.६ ने भागलं तर लहानात लहान कर्ण मिळतो आणि १.२ ने भागलं तर मोठ्यात मोठा. १३२ भागिले १.६ म्हणजे ८२ इंच. १३२ भागिले १.२ म्हणजे ११०. सरांच्या डोक्यात १५० इंच होतं, कारण खोक्यावर तेवढं लिहिलं होतं. १५० इंचांचं चित्र जवळजवळ अकरा फूट रुंद असतं. ते त्या भिंतीवर जेमतेम मावलंही असतं, पण अकरा फुटांवर बसून ते बघायचं म्हणजे टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान इकडून तिकडे. आम्ही १०० वर थांबलो.

१०० इंच हा कर्ण. रुंदी त्याच्या ०.८७ पट आणि उंची ०.४९ पट, म्हणजे ८७ इंच बाय ४९ इंच. सव्वासात फूट बाय चार फुटांहून इंचभर जास्त. दुकानात नेहमी कर्णच बोलला जातो, पण भिंतीवर काम करताना कर्ण विसरून जावा आणि रुंदी-उंचीच धरावी. सिनेमाची चौकट बहुधा याहून पसरट असते. २.३९ : १ चा सिनेमा या चौकटीत लावला की वर-खाली सव्वासहा-सव्वासहा इंचांच्या काळ्या पट्ट्या राहतात. तो बिघाड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मग उंची. डोळे चित्राच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास यावेत, मान वर न करता. सोफ्यासाठी चित्राची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर असती तर हे बरोबर जमलं असतं. आईंच्या दृष्टीने तर खालीच चांगलं. पण कड किती खाली आणता येईल हे नुसत्या डोळ्यांवर नसतं, मशीन कुठे टांगणार त्यावरही असतं, आणि इथे पुस्तकी हिशोब अडला.

अडण्याचं कारण असं. प्रोजेक्टरचा झोत नाकासमोर सरळ जात नाही, टेबलावर ठेवला तर तो थोडा वर चढतो. तसा तो मुद्दाम बनवलेला असतो, नाही तर अर्धं चित्र टेबलावरच पडलं असतं. छताला उलटा टांगला की तोच झोत खाली उतरतो. या चढ-उताराला ऑफसेट म्हणतात आणि प्रत्येक मॉडेलचा तो ठरलेला असतो. सरांच्या मशीनमध्ये भिंग चित्राच्या वरच्या कडेपेक्षा उंचीच्या दहा टक्के वर यायला हवं होतं, म्हणजे पाच इंच. चित्राची खालची कड २४ इंचांवर धरली तर वरची कड ७३ वर आणि भिंग ७८ वर, म्हणजे जमिनीपासून साडेसहा फूट. सोफ्याच्या अगदी वर, साडेसहा फुटांवर लोंबणारं मशीन. लग्नाला आलेला एखादा उंच पाहुणा सोफ्यावरून उठला की डोकं आपटणार. म्हणून चित्र सहा इंच वर घेतलं: खालची कड ३० इंच, वरची ७९, भिंग ८४, बरोबर सात फूट. आईंच्या डोळ्यांच्या पातळीत चित्राची खालची कड आली. मी त्यांना विचारलं, मान दुखेल का. त्यांनी गादी हातभर मागे ओढून घेतली. तोही मोजमापाचाच भाग होता, आणि माझ्या पट्टीपेक्षा जास्त उपयोगाचा.

अशा वेळी बरेच जण काय करतात ते मी खूपदा पाहिलं आहे. मशीन छताला घट्ट चिकटवतात, नऊ-साडेनऊ फुटांवर, आणि मग तोंड खाली वाकवतात. झोत तिरका पडला की चित्र चौकोन राहत नाही, वर अरुंद आणि खाली रुंद अशी पालथ्या घमेल्यासारखी आकृती होते. मग रिमोटवरचं कीस्टोनचं बटण दाबून ती सरळ करतात. चित्र सरळ दिसतं, पण त्यासाठी मशीनने काय केलेलं असतं ते बघा. १९२० बाय १०८० ठिपक्यांची चौकट तेवढीच राहते. त्यातल्या कडेच्या ठिपक्यांना काळं ठेवून उरलेल्यांत सगळं चित्र दाबून बसवलेलं असतं. ठिपके वाया गेले, बारीक अक्षरं पसरली, आणि त्या काळ्या ठेवलेल्या भागातूनही थोडा राखाडी उजेड भिंतीवर सांडतच राहतो. काही महागड्या मशीनमध्ये भिंगच वर-खाली सरकवता येतं, त्याला लेन्स शिफ्ट म्हणतात. त्यात एकही ठिपका वाया जात नाही, आणि घेताना पैसे जास्त टाकायचेच असतील तर मी ते तिथे टाकायला सांगतो. ती सोय नसेल तर छताला मशीन टांगायची नळी लांब घ्यावी आणि मशीन सपाट ठेवावं. कीस्टोन शून्यावर ठेवून चित्र काटकोनात बसलं, तरच मशीन योग्य जागी आहे.

सरांच्या खोलीतली खरी अडचण मात्र अजून पुढेच होती, आणि ती परदेशी माहितीपत्रकांत कधीच नसते. पंखा. खोलीच्या बरोब्बर मधोमध, म्हणजे पडद्याच्या भिंतीपासून नऊ फुटांवर, चार फूट घेराचा पंखा. पाती छताखाली फूटभर. झोत पात्यांमधून गेला तर चित्र जुन्या मूकपटासारखं फडफडतं. पण आमचं भिंग सात फुटांवर आलं होतं आणि पाती नऊ फुटांवर, त्यामुळे झोत सुरक्षित होता. अडचण नळीची होती. पात्यांचा घेर भिंतीपासून सात फुटांवर सुरू होऊन अकरा फुटांवर संपतो. नळी या पट्ट्यात कुठेही लावता येत नव्हती, ती पात्यांना लागली असती.

मशीनची फेक झूमसह १.२५ ते १.५. रुंदी ८७ इंच, म्हणजे भिंग १०९ इंचांपासून १३१ इंचांपर्यंत कुठेही चालेल: नऊ फूट एक इंच ते दहा फूट अकरा इंच. सगळंच्या सगळं पंख्याच्या घेरात. सर म्हणाले, पंखा काढून टाकू. नंदुरबार जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ज्या घरात सिनेमासाठी पंखा काढावा लागतो त्या घरात एप्रिलपासून सिनेमा बंदच पडेल. मी म्हटलं, थांबा, मशीन खोक्यातून काढा.

अंतर मोजायचं असतं ते भिंगापासून. नळी मात्र लागते मशीनच्या पोटाला, जिथे चार स्क्रूंची भोकं असतात तिथे. मशीन उलटं करून पट्टी लावली तर भिंगाचं टोक नळीच्या मध्यापासून सहा इंच पुढे निघालं. म्हणजे नळी अकरा फूट चार इंचांवर लावली, पात्यांच्या टोकापासून चार इंच मोकळी, तर भिंग दहा फूट दहा इंचांवर येतं. १३० भागिले ८७, फेक १.४९. झूमच्या अगदी काठावर, पण आत. त्या सहा इंचांनी पंखा वाचवला. भिंगाऐवजी नळीपासून मोजणारे त्या सहा इंचांनीच फसतात. मीही माझ्या घरी पहिल्यांदा तसाच फसलो होतो, आणि पहिल्या भोकांवर लांबी भरून दुसरी पाडली होती. ती लांबी आजही छतावर दिसते.

जागा ठरली की हत्यारं गवंड्याची. लेझरच्या रेषा मारणारी यंत्रं मिळतात, पण ओळंबा, लेव्हल पट्टी आणि गुण्या एवढ्यावर काम चोख होतं. भिंतीवर चित्राची मध्यरेषा आखायची. त्या रेषेच्या पायथ्यापासून जमिनीवर काटकोनात सुतळी ताणायची. काटकोन पडताळायला तीन-चार-पाचचा त्रिकोण पुरतो, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं अंतर बरोबर पाच. सुतळीवर अकरा फूट चार इंचांची खूण करायची आणि छताला ओळंबा धरून तो खुणेवर स्थिर होईपर्यंत सरकवायचा. जिथे दोरी छताला टेकली तिथे पेन्सिल. खोलीचा मध्य मोजून भोक पाडू नये, कारण आपल्या बहुतेक खोल्या काटकोनात नसतात. गवंडी कितीही चांगला असला तरी एका टोकाला दोन इंचांचा फरक निघतोच.

भोक पाडण्याआधी माझा एक आग्रह असतो. शिडी लावा, शिडीवर पुस्तकांचा ढीग रचून मशीन बरोबर त्या उंचीला, त्या अंतरावर उलटं ठेवा आणि चालू करा. मशीनच्या यादीत सीलिंग नावाचा पर्याय असतो, तो निवडला की चित्र सुलटं होतं. आता भिंतीवर पेन्सिलीने आखलेल्या चौकटीत उजेड बसतो का बघा. दोन्ही कर्ण दोरीने मोजा. उजेड चौकटीत बसला आणि दोन्ही कर्ण सारखे आले तर चित्र काटकोनात आहे. एक मोठा आला तर मशीन एका बाजूला वळलेलं आहे. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाने स्लॅबला चार भोकं कमी पडतात.

स्लॅब असेल तर हॅमर ड्रिल आणि लोखंडी फास्टनर, आणि ड्रिल सळईला लागलं तर जोर न लावता इंचभर बाजूला सरायचं. पत्र्याचं घर असेल तर नळी पत्र्याला कधीच लावू नये. खालच्या लोखंडी अँगलला किंवा पाइपाला क्लॅम्पने आवळावी. पत्रा वाऱ्याने थरथरतो, आणि मशीनची एका केसाएवढी थरथर पडद्यावर बोटभर होते. तुळईचं जुनं सागवानी घर मला सगळ्यात आवडतं: जाड लाकूड, लांब स्क्रू, आणि पुन्हा कधी हात लावायला नको. मात्र नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतली कौलारू घरं उतरत्या छपराची असतात, तिथे नळीच्या वरच्या टोकाला वळणारा सांधा असलेलं स्टँड घ्यावं लागतं.

उजेडाचं बोलायला हवं. अंधाऱ्या चित्रपटगृहात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १६ लुमेन उजेड असावा हा जुना, अजूनही पाळला जाणारा निकष. १०० इंचांचा पडदा तीस चौरस फुटांहून थोडा कमी, म्हणजे पावणेपाचशे लुमेन पुरतात. आकडा ऐकून लोकांना खरं वाटत नाही, कारण खोक्यावर हजारोंची भाषा असते. पण मोजलेले लुमेन आणि लिहिलेले लुमेन यांत फार अंतर असतं. मोजण्याची जी प्रमाणित पद्धत आहे तिचं नाव एएनएसआय किंवा आयएसओ असं आकड्यासोबत छापलेलं हवं. ते नसेल तर आकडा बहुधा आतल्या दिव्याचा असतो, भिंतीवर पोहोचलेल्या उजेडाचा नसतो. मी एकदा ऑनलाइन असंच एक स्वस्त मशीन मागवलं होतं. भिंतीवर जे उमटलं ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं होतं. खरे २००० लुमेनचं मशीनही सिनेमाच्या रंगांसाठी असलेल्या मोडवर ठेवलं की बाराशेच्या आसपास येतं, आणि दिवा जुना होता होता त्याच्याही अर्ध्यावर. तरी सहाशे उरतात. शंभर इंचांना ते भरपूर. सरांना हवे असलेले दीडशे इंच घेतले असते तर पडदा सव्वादोन पट मोठा झाला असता आणि एक हजाराहून जास्त लुमेन लागले असते. पडद्याचा आकार हा बसण्याच्या अंतराचा प्रश्न आहे तसा उजेडाचाही आहे.

हे सगळं अंधाराचं गणित. भिंतीवरचा काळा रंग मशीन टाकत नाही, टाकूच शकत नाही. मशीन बंद असताना भिंत जेवढी काळी दिसते, तेवढाच काळा चित्रात मिळतो. दुपारी दार उघडं असेल तर रात्रीचं दृश्यही राखाडी दिसणार. म्हणून जास्त लुमेनवर खर्च करण्याआधी जाड, गडद पडदे घ्यावेत आणि पडद्यासमोरच्या छताला शुभ्र चुन्याऐवजी मंद रंग द्यावा. चित्राचा उजेड शुभ्र छतावरून परत येऊन चित्रावरच पडतो. भिंत वापरायची असेल तर दोरी ताणून तिचा सपाटपणा बघावा. गिलाव्याचा फुगवटा दिवसा दिसत नाही, चित्रातल्या सरळ रेषा रात्री तो दाखवतात.

उष्णता आणि धूळ, या दोन गोष्टी आपल्या जिल्ह्यात वेगळ्या सांगाव्या लागतात. बहुतेक मशीनना ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालण्याची परवानगी असते, आणि खोलीतली सगळ्यात गरम हवा छतापाशीच साठते. पत्र्याखाली तर विचारूच नका. लांब नळीचा हा आणखी एक फायदा: मशीन त्या गरम थरातून खाली येतं. चारही बाजूंना फूटभर मोकळी जागा ठेवावी, कोनाड्यात कोंडू नये. नंदुरबार शहराभोवती हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पसरतात आणि लालभडक रानांवरून येणारा वारा घशाला कळतो; त्या दिवसांत मशीनची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून ब्रशने झटकावी. जाळी तुंबली की आतला पंखा जोरात घोंघावू लागतो, तीच खूण. दिव्याचं मशीन असेल तर वीज अचानक जाणं त्याला सोसत नाही, कारण तापलेल्या दिव्याला थंड करणारा पंखाही त्याच क्षणी थांबतो. त्याला इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावं. लेझर किंवा एलईडीच्या मशीनला हे भय कमी आणि आयुष्य जास्त, हजारो तासांच्या हिशोबात. वायरीचं एवढंच, की नवं घर बांधत असाल तर स्लॅब भरतानाच एक रुंद पाइप पडद्याच्या भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत टाकून ठेवा. एचडीएमआयची साधी तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत सहसा कुरकुर करत नाही.

शहाद्याच्या त्या घरी दुपारी चार फास्टनर बसले. नळी चढवली, मशीन टांगलं, आणि मशीनच्या अंगाला एक बारीक साखळी बांधून तिचं दुसरं टोक स्लॅबमधल्या वेगळ्या हुकात अडकवलं. खाली माणसं बसणार, चार स्क्रूंवर सगळा भरवसा ठेवायचा नाही. संध्याकाळी दारं लावली. सरांनी आधी रेघांचा तक्ता लावला, सिनेमा नाही. दोन्ही कर्ण पुन्हा दोरीने मोजले, सारखे आले. मग मी पंखा पाचवर करायला सांगितला. मशीनवर हात ठेवून बघितलं, मग भिंतीशी जाऊन एका बारीक रेघेवर बोट धरून उभा राहिलो. रेघ बोटाखालून हलली नाही. मागून आईंचा आवाज आला, "आता बाजूला सरका, दिसत नाही."